ओर्वेनला कुणी विचारलं नाही

तिसालोक,
बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

आदरणीय विल्मोश काका यांस,
बोग्लार्काचा सविनय नमस्कार.

सर्वप्रथम, आपणांस पत्र लिहिण्याचे धाडस करते आहे याबद्दल क्षमा असावी. भाषांतर मंडळातून बाहेर पडताना आपण एवढेच लिहिले होते : "ओळी मी चढवल्या, जबाबदारी माझी. आता मला कुणी लिहू नये, बागेत छाटणीची कामं आहेत." वडीलधाऱ्या माणसाने लिहू नका म्हटल्यावर लिहू नये, एवढे मला कळते. शिवाय आपली माझी प्रत्यक्ष भेट एकदाही झालेली नाही. चार वर्षे आपण मला ओळखता ते माझ्या तक्त्यांवरून आणि चुकलेल्या स्वल्पविरामांवरून. तरीही लिहिते आहे. वाचून आपण रागावलात तर तो राग योग्यच असेल.

आपली प्रकृती कशी आहे? सोल्नोकला धुके उतरले असेल. इकडे दोन दिवस नदी दिसलेली नाही, नुसता तिचा वास येतो. बाबांची साखर थोडी चढली होती, आता आटोक्यात आहे. उजवा पाय गेल्यापासून ते डाव्याला फार जपतात. नजर मात्र आणखी मंदावली. मी दारात उभी राहिले तर माणूस आहे एवढे समजते, कोण ते समजत नाही. आई परदेशात, ग्राझला आहे. तिकडच्या एका एकोणनव्वद वर्षांच्या आजीबाईंना सांभाळते. तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी, असे सहावे वर्ष चालू आहे. मी सोमवार ते गुरुवार सकाळी गावच्या वाचनालयात असते. तेवढा वेळ शेजारच्या मार्गित मावशी बाबांजवळ बसतात. वाचनालयात सध्या शेगडी धूर करते, त्यामुळे वाचक येतात, खोकतात आणि पुस्तक न घेताच जातात.

आपल्या पश्चात मंडळात काय चालले आहे ते सांगते. शनिवारी सोल्नोकला वार्षिक मेळावा आहे. बोटोंडने साठ माणसांच्या गुलाशाची व्यवस्था केली आहे आणि मांसात मिरपूड किती घालावी यावरून तीन दिवस वाद घातला आहे. खरी बातमी ही, की 'हिमवेस' हा संगणकावरचा खेळ तयार करणाऱ्यांनी आपले हौशी भाषांतर अधिकृत म्हणून स्वीकारले. खेळाच्या अखेरीस भाषांतरकारांची नावे झळकतील. यादी शुक्रवारी दुपारी बाराच्या आत पाठवायची आहे. नंतर बदल होणार नाही.

आपण अकरा जण होतो. यादीत दहा नावे आहेत.

बोटोंडने सर्वांना ध्वनिसंदेश पाठवला, तो जसाच्या तसा उतरवते : "मला काय आनंद होतोय का? विल्मोश काकांनी मला स्वल्पविराम शिकवला! पण लोक विचारतात ना, की चार वर्षं ज्यांनी आपल्याला येड्यात काढलं त्यांचं नाव सगळ्यात वर कसं? काय सांगू मी, म्हातारा विसरला म्हणून? अहो, ते टिंब विसरत नाहीत, अख्खी ओळ विसरतील?"

शाळेत आम्हांला शिकवले होते, की परीक्षकाला उत्तर ठाऊक असले तरी आपण पूर्ण वाक्यांत, क्रमाने लिहावे. त्या सवयीने, आपणांस ठाऊक असलेलेही पुन्हा लिहिते. क्रम सोडला तर मी मुद्द्याला वळसा घालून निघून जाईन, अशी मला भीती आहे.

'हिमवेस' खेळताना खेळणारा एका फौजेचा नायक होतो. त्याच्या सोबत्यांपैकी एक ओर्वेन, हिमवेस किल्ल्याचा द्वारपाल. कमी बोलणारा, मुक्कामावर आगीपासून दूर बसणारा, कुणी नासपती दिली तर ती बियांसकट खाणारा. शेवटच्या भागात किल्ला पडू लागतो. आतल्या लोकांना मागच्या वाटेने बाहेर काढायचे असते आणि तोवर शत्रू आत येऊ नये म्हणून मुख्य दरवाजाचा चाप कुणीतरी आतून धरून ठेवायचा असतो. ओर्वेन तो धरतो. नायकाला त्याच्याशी एकदाच बोलता येते. पडद्यावर वाक्ये येतात, त्यांतले एक निवडायचे. आपल्या भाषेत तीन येतात : आभार मानणारे, हुकूम देणारे, आणि काही न बोलता निघण्याचे. तिन्हींनंतर ओर्वेन मान हलवतो. दरवाजा लागतो.

यावरून आपल्या चर्चामंचावर दोन पक्ष पडले ते आपण पाहिलेतच. खुशीवाले म्हणत, तो स्वतःच्या मर्जीने थांबला, हेच त्याचे मोठेपण. कोंडीवाले म्हणत, दुसरे कुणी पुढे आले नाही म्हणून तो थांबला, आणि त्याला मोठेपण म्हणणे ही आपली सोय. कोंडीवाल्यांच्या पुढारी पेच शहरातल्या एमेशे ताई, रुग्णालयात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका. खुशीवाल्यांकडून सर्वांत जास्त लिहिणारी 'पाणकणीस' या नावाची एक व्यक्ती. 'ओर्वेनची मर्जी' हा तिचा अकरा पानांचा लेख लोक अजून एकमेकांना पाठवतात.

परदेशातले खेळाडू सांगत, की ओर्वेनला जिवंत बाहेर काढता येते. आपल्याकडे कुणालाच ते जमेना. सर्वांनी समजूत करून घेतली, की आपण त्याचा विश्वास पुरेसा मिळवला नाही. मग सुरू झाले ते उपाय. प्रत्येक मुक्कामावर नासपती द्यायची. लाकडी पुलावरून त्याला आधी जाऊ द्यायचे. त्याच्यासमोर तलवार उपसायची नाही. सेगेदच्या एका गृहस्थांनी खेळ एकतीस वेळा पूर्ण केला. एगरच्या एक निवृत्त शिक्षिका भिंतीवर तक्ता लावून नासपत्या मोजत. त्यांचे यजमान गेले त्या आठवड्यातही त्यांनी खूण करायची चुकवली नाही. "या खेपेला नऊ दिल्या," त्यांनी लिहिले होते, "तरी थांबलाच हो तो. माझंच काही चुकत असेल."

ते वाक्य वाचून मी संगणक बंद केला होता.

मग या ऑक्टोबरात एमेशे ताई लिंझला बहिणीकडे गेल्या आणि तिथे त्यांनी जर्मन भाषेतला खेळ पाहिला. चौथे वाक्य होते. "ओर्वेन, तुला थांबायचंय का?" ते निवडले की ओर्वेन म्हणतो, "नाही. पण हे विचारणारे तुम्ही पहिलेच." आणि चाप सोडून बाहेर येतो. नासपतीचा कशाशीच संबंध नव्हता.

आपल्या तक्त्यात ही ओळ चार हजार एकशे सतरा. ती कोरी आहे. कोरी ओळ खेळ दाखवतच नाही. जागाही सुटत नाही, की कुणाला शंका यावी. आणि तक्ते चढवल्याच्या नोंदीत सगळीकडे आपले नाव, कारण आम्हां सर्वांचे काम आपणच तपासून चढवत होता.

काका, तो तक्ता माझा होता. ओळ माझ्याकडून गेली. चुकून. दोनदा आली आहे असे वाटून मी ती काढली.

बाबा जागे झाले. बाकीचे उद्या लिहीन.


गुरुवार, २१ नोव्हेंबर

काल लिहिलेले शेवटचे वाक्य पुन्हा वाचले. ते खोटे आहे. पुसणार होते, पण राहू दिले आहे. मी किती सराईतपणे लिहिते ते आपणांस दिसावे.

आता पुन्हा, क्रमाने.

सन वीसच्या त्या हिवाळ्यात मी शाळेच्या शेवटच्या वर्गात होते. बाबांचा पाय काढून चार महिने झाले होते. संध्याकाळचे सूप झाले की मी दिवसभरात केलेल्या ओळी त्यांना वाचून दाखवीत असे. तक्त्यात ओळी कशा येतात ते बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही : कोण बोलतो ते नाही, कुणाशी ते नाही, आधीचे मागे आणि नंतरचे पुढे. पण बाबांना त्यातच मजा वाटे. "हे कोण म्हणालं सांगू का? सराईवाला!" असे ते पैजेने ओळखत. ओर्वेनची ओळ आली की मात्र गप्प होऊन ऐकत.

आपणांस कदाचित ठाऊक नसेल, बाबा इथल्या बंधाऱ्यावर दरवाजे सांभाळायचे. दोन हजार सालच्या पुरात बदलीचा माणूस पोचू शकला नाही, तेव्हा ते तीन दिवस तीन रात्री दरवाजापाशी उभे होते. गावात अजून त्याची आठवण काढतात. ओर्वेन किल्ल्यात थांबणार हे त्यांच्या लक्षात आले तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली.

"बघ! असा असतो माणूस."

मी म्हटले, "पण बाबा, त्याला कुणी विचारलंच नाही, थांबतोस का म्हणून."

"विचारायचं काय त्यात? दरवाजा सोडून माणूस जातो होय? मला कुणी विचारलं होतं?"

तेवढ्यात आईचा फोन आला. ती नेहमीप्रमाणे आधी बाबांच्या गोळ्यांचे विचारून मग म्हणाली, "बोगी, तू आहेस म्हणून गं. तू आहेस म्हणून मला इथं झोप तरी लागते." मार्गित मावशी कसलीशी खीर घेऊन आल्या होत्या, त्या फोनवर ओरडल्या, "पोरगी नाहीये ही, सोनं आहे सोनं! कुणाला मिळते अशी?"

सगळे प्रेमाने बोलत होते, काका. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या खोलीत एकही वाईट माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी चार हजार एकशे सतरावी ओळ आली. तिच्या आधी "सफरचंदं संपली, उद्या या" आणि नंतर "तुमचा घोडा लंगडतोय." उत्तर त्याच्याही खाली. भाषांतराला दहा सेकंदही लागले नाहीत. शाळेत पहिल्या येणाऱ्या मुलीला 'तुला थांबायचंय का' याचे भाषांतर करायला किती वेळ लागणार? संध्याकाळी वाचताना सफरचंदांपर्यंत आले आणि आवाज निघेना.

"काय गं, थांबलीस का?"

"काही नाही, बाबा. पुढं घोड्याची ओळ आहे. तुमचा घोडा लंगडतोय."

बाबा खळखळून हसले. "म्हणजे माझ्यासारखाच की!"

मीही हसले. आणि ते झोपल्यावर ओळ पुसली. पुढे खेळ तयार झाला की बाबा माझ्या शेजारी बसून तो ऐकणार होते. मी खेळणार आणि पडद्यावरचे प्रत्येक वाक्य वाचून दाखवणार, असे आमचे ठरले होते. चौथे वाक्य पडद्यावर आले असते, तर त्यांनी म्हटले असते, "विचार की, बघू काय म्हणतो." मग मला उत्तर मोठ्याने वाचावे लागले असते. माझ्या तोंडून. त्या खोलीत.

उत्तर मी पुसले नाही. ते आजही तक्त्यात आहे, शुद्धलेखनासह बिनचूक. फक्त त्याच्यापर्यंत जायची वाट नाही.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते. पाच दिवसांनी आपला निरोप आला. मी तो जपून ठेवला आहे. "बोग्लार्का बाळ, तीस वर्षं मी मालगाड्या मोजल्या. बेचाळीस डबे निघाले आणि एक्केचाळीस पोचले, की मला जेवण जात नाही. तुझ्या तक्त्यात एक ओळ कमी भरते. काही अडचण आहे का? ओळीबद्दल म्हणत नाही मी." मी ते शेवटचे वाक्य कितीदा वाचले ते सांगत नाही. त्या वर्षात मला अडचण आहे का असे विचारणारे आपण एकटे होता. आणि मी उत्तर दिले, "काही नाही काका, पुनरुक्ती होती म्हणून काढली." आपण लिहिलेत, "बरं. तू म्हणतेस तर." आणि ओळ तशीच चढवलीत.

म्हणजे आपणांस ठाऊक होते. निदान पुनरुक्ती नव्हती एवढे तरी ठाऊक होते; आपण मूळ ओळी वाचल्याखेरीज काही चढवत नाही. ऑक्टोबरात सगळे आपल्यावर तुटून पडले तेव्हा आपण "सेंदी बोग्लार्काला विचारा" एवढे तीन शब्द लिहिले असते तर सुटला असता. आपण बागेत गेलात.

आणि मी काय केले? मी एमेशे ताईंशी वाद घातला. पाणकणीस मीच आहे, हे आपण एव्हाना ओळखले असेलच. स्वल्पविराम कोण कुठे देते ते आपल्या नजरेतून सुटत नाही. चार वर्षे मी पुराव्यानिशी सिद्ध करत राहिले, की ओर्वेन आपल्या मर्जीने थांबला. मी इतके चांगले लिहिले, की लोकांचे मत बदलले. एकदा एमेशे ताईंनी लिहिले होते, "अगं पाणकणीस, तू एक रात्रपाळी करून बघ माझ्यासोबत. मर्जीनं थांबलेलं माणूस आणि पाळीला दुसरं कुणी आलंच नाही म्हणून थांबलेलं माणूस, पहाटे दोघांचं तोंड सारखंच दिसतं. फरक विचारल्याशिवाय कळत नाही." त्यावर मी तीन परिच्छेदांचे उत्तर दिले आणि शेवटी लिहिले, की काही माणसांना विचारणे हाच त्यांचा अपमान असतो. त्या वाक्याला दोनशे लोकांनी पसंती दिली. त्या वेळी मी बाबांच्या पायाची पट्टी बदलून नुकतीच बसले होते. वाक्य मला फार आवडले होते.

डेब्रेत्सेनच्या विद्यापीठाचे पत्र सन एकवीसच्या जुलैत आले. साहित्य विभागात जागा मिळाली होती. आई म्हणाली, "वा! अभिमान वाटतो गं." मग म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू ना? बाबा जरा सावरले की." पुढच्या वर्षीही तेच म्हणाली. तिसऱ्या वर्षी मी अर्जच केला नाही, त्यामुळे तिला काही म्हणावे लागले नाही. बावीस पूर्ण झाली मला. वाचनालयातल्या चौदा हजार पुस्तकांपैकी कुठले कुठे आहे ते डोळे मिटून सांगू शकते, आणि तिसालोकच्या बाहेर शेवटची रात्र कधी काढली ते आठवत नाही.

हे लिहायचे नव्हते. विषय आपल्या नावाचा आहे.

बाबांचेही लिहून टाकते. चार आठवड्यांपूर्वी मी त्यांची पट्टी बदलत होते. हात गुंतलेले, म्हणून बोटोंडचा ध्वनिसंदेश स्पीकरवर लावला, नासपत्यांवरून काही विनोद असेल अशा समजुतीने. तो एमेशे ताईंचा शोध सांगत होता. चौथे वाक्य, उत्तर, सगळे.

"म्हणजे चार होती," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि तो भाग तू केला होतास ना?"

"हो, बाबा."

त्यांनी तोंड भिंतीकडे वळवले. तेव्हापासून मला काही वाचून दाखव असे ते म्हणालेले नाहीत. सूप घेतात, बातम्या लावायला सांगतात, झोपतात. रागावलेले नाहीत, रागावले असते तर बरे झाले असते. त्यांना कळले आहे, की मला काय वाचता आले नाही. आणि कळूनही ते विचारत नाहीत, कारण विचारले आणि मी खरे बोलले तर मग दोघांनीही काय करायचे? पाय त्यांना नाही, आईच्या पगाराखेरीज घर नाही. आम्ही दोघे एकाच खोलीत, त्या एका वाक्याला धक्का न लावता वावरतो. एखादे अवजड कपाट मध्ये ठेवल्यासारखे त्याला वळसा घालून जातो.

उद्या बारा वाजता यादी जाते. मी गप्प राहिले तर आपले नाव जाईल आणि माझे राहील. माझ्या नावाने कुठेतरी काही राहील अशी ती एकच जागा आहे, म्हणूनच इतके दिवस लागले. हे सांगायला मला फार लाज वाटते.


शुक्रवार, २२ नोव्हेंबर

सकाळी नऊ वाजता मी बोटोंडला, मंडळातल्या सर्वांना आणि खेळाच्या कचेरीला चार वाक्ये पाठवली. ओळ मी पुसली. जाणूनबुजून पुसली. विल्मोश राट्झ यांनी ती कमी असल्याचे मला विचारले होते आणि मी त्यांना खोटे सांगितले. त्यांचे नाव पूर्वीच्या जागी ठेवावे आणि माझे काढावे. सोबत ती ओळ जोडली, भरलेली. कारण लिहिले नाही. कारण फक्त या पत्रात आहे.

पाच मिनिटांत बोटोंडचा फोन. मी फोन उचलत नाही हे माहीत असल्याने त्याने संदेश ठेवला : "बाई गं! तू?? अगं सेगेदचा तो माणूस एकतीस वेळा खेळलाय! आता शनिवारी मी त्याला काय खाऊ घालू, गुलाश की माफी? बरं ऐक. काकांचं नाव वर टाकलं. तुझं काढलंय. मला बरं नाही वाटत, पण काढलंय." एगरच्या शिक्षिकाबाईंनी एकच ओळ लिहिली, "म्हणजे माझं चुकत नव्हतं." एमेशे ताईंचे उत्तर सर्वांत उशिरा आले. "पाणकणीस तूच ना? मग चार वर्षं तू भांडत कुणाशी होतीस गं? माझ्याशी तर नव्हतीस."



ओळ जोडायची म्हणून तक्ता उघडला होता, तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर तसाच उघडा. बाबा चाकांच्या खुर्चीवरून दारापर्यंत आले. शुक्रवार असल्याने मार्गित मावशी नव्हत्या, घरात आम्ही दोघेच होतो.

"काय केलंस सकाळपासून? नुसता टकटक आवाज."

"विल्मोश काकांचं नाव परत लावलं. ओळ परत टाकली."

त्यांनी खुर्ची टेबलाजवळ आणली. मग म्हणाले, "वाच."

मी वाचले. सफरचंदे संपली, उद्या या. मग प्रश्न वाचला. मग, घोडा गाळून, उत्तर. आवाज फार लहान निघाला, पण निघाला.

बाबांनी मान खाली घातली आणि बंधाऱ्यावर असताना विचारत असतील तसे विचारले, "चाप सोडल्यावर दरवाजा किती वेळात पडतो?"

"लगेच नाही. थोडा टिकतो."

"माणसं?"

"तोवर बाहेर पडलेली असतात. बहुतेक."

"बहुतेक नको. नीट सांग."

"सगळी, बाबा. सगळी बाहेर पडतात. कोठार मात्र जळतं. हिवाळ्याचं धान्य."

"मग पुढं खातात काय?"

"दुसऱ्या गावात मागतात. तो भाग आहे खेळात. कठीण जातो."

"कठीण जातो," ते म्हणाले. बराच वेळ खुर्चीच्या चाकावर अंगठा फिरवत राहिले. "त्या पुरात दुसऱ्या दिवशी बदलीचा माणूस आला होता. नावेतून. मीच परत पाठवला त्याला. म्हटलं, मी आहे, तू जा." मग माझ्या दिशेने, म्हणजे मी जिथे आहे असे त्यांना वाटत होते तिथे, पाहून म्हणाले, "हे तुझ्या आईलासुद्धा माहीत नाही."

मला प्रश्न विचारला गेला नव्हता, आणि न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला अजून देता येत नाही.

त्यांनी हात पुढे केला. "फोन दे. ग्राझचा नंबर लाव. आणि तू बाहेर हो, दार ओढून घे."

मी नंबर लावून दिला, बाहेर आले आणि दार ओढून घेतले. त्याला आता चाळीस मिनिटे झाली. संगणक मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसले आहे. आतून बाबांचा आवाज येतो, शब्द कळत नाहीत. मध्येच बराच वेळ काहीच येत नाही, तेव्हा तिकडून आई बोलत असणार. ती रडते आहे की हिशेबाने बोलते आहे, ते मला इथून समजायचा मार्ग नाही. दार ढकलले तर उघडेल. मी ढकललेले नाही.

काका, आपण हे पत्र वाचाल तेव्हा बोटोंडला लिहून मला सोडवायचा प्रयत्न करू नका. आपण तो कराल, म्हणून बारा वाजायला इतकी थोडी मिनिटे राहीपर्यंत पत्र हातात ठेवले. या वेळी आपण बागेत असता, फोन घरात असतो, असे आपणच एकदा लिहिले होते. हा एवढाच डाव मी आपल्याविरुद्ध खेळले आहे.

क्षमा मागत नाही, कारण मागितली तर आपण लगेच द्याल. आपण मला जे विचारले होते त्याचे उत्तर चार वर्षे उशिराने देते : होय, अडचण आहे.

आपली आज्ञा मोडणारी,
सेंदी बोग्लार्का

पाठवले : शुक्रवार, २२ नोव्हेंबर २०२४, सकाळी ११ वाजून ५१ मिनिटे